अर्धी ताई

धाकटीने जेवणाच्या टेबलावर कार्डाचा कागद मांडला, तेव्हा दुपार इतकी सुस्तावली होती की भिंतीवरच्या घड्याळालाही पुढे सरकायचा कंटाळा आला होता. पण ताई येणार होती. मुलाकडे कायमची राहायला जाण्याआधी निरोप घ्यायला. "तुझ्या नवऱ्याचा निरोप घ्यायला येतेय, तुझा नव्हे," असं फोनवर बजावूनही झालं होतं.

भांडण एका फोटोचं. घरातल्या सगळ्यांच्या त्या फोटोत धाकटी पुढे आली नि ताई तिच्यामागे अर्धी झाकली गेली. तेव्हापासून अबोला. म्हणून आज कार्डावर तरी ताईला पुढे उभं करायचं होतं.

रबरी ठशांच्या राज्यात जो पुढे, त्याचा ठसा आधी. मग तोच ठसा चिकट पिवळ्या चिठ्ठीवर उठवायचा, कापायचा आणि पहिल्यावर झाकण म्हणून बसवायचा. वरून दुसरा ठसा मारला, की झाकलेल्या भागाला शाई लागत नाही. दुसरा निमूट मागे जातो. म्हणजे अंबाडेवाली ताई आधी, वेणीवाली धाकटी नंतर.

पण शाईचा निळा रंग पाहता पाहता धाकटीला लहानपणची टेकडी दिसली, टेकडीवर गवत दिसलं, गवतात पळणाऱ्या दोघी दिसल्या... हात आपले ठसे मारत राहिले. झाकण काढलं तेव्हा ती जागी झाली.

"अगं, पुन्हा तूच पुढे!" नवरा खांद्यावरून डोकावला.

कागद शेवटचा होता. "थांबा, माझ्यावर ढग मारते." मारला. ढग तिच्या पोटातून आरपार गेला.

"धुकं कर. धुक्यात कोण पुढे नि कोण मागे, कळतंय कुणाला?"

तिने स्पंजाने धुकं पसरलं. ते एवढं दाट उतरलं, की टेबलाखालचं मांजर शेपटीकडून विरघळू लागलं आणि नवरा चाचपडत स्वयंपाकघर शोधू लागला. पदरचं सांगत नाही, मांजराला विचारा. वेणीवाली मात्र धुक्यातही ठळक!

तेवढ्यात बेल वाजली. धाकटीने घाईघाईने अंबाडेवाली पिवळ्या चिठ्ठीवर उठवली, कापली आणि सगळ्यांच्या पुढे चिकटवून दिली. कार्डावरच्या निळ्या धुक्यात ती चंद्रासारखी उजळली.

ताईने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "ही कोण? कावीळ झालीय का हिला?"

"तूच गं, ताई. पुढे."

"मला कुठं पुढे यायचं होतं?"

"मग फोटोवरून एवढी रुसलीस ती?"

"अगं बये, जांभई आली होती मला! म्हणून तुझ्यामागे लपले, तर ऐन वेळी तू बाजूला सरकलीस!"

"तुला जागा द्यायला सरकले..."

"आणि माझा अर्धा जबडा चौकटीत घालून भिंतीवर टांगलास!"

ताईने पिवळ्या बाईला नखाने अलगद सोडवलं, खुर्चीवर चढली आणि फोटोतल्या जांभईवर ती दाबून चिकटवली. मग खाली उतरून धाकटीसमोर बसली.

"हं, बोल आता. त्या टेकडीवर घसरून पडली होतीस, आठवतंय?"

नवऱ्याने दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा तो निवला.