फोटोतली दोरी

ग्रंथपालबाईंनी ते खोटं पान लिहिलं तेव्हा त्यांचा हेतू इतका चांगला होता, की पुढे कित्येक दिवस त्यांना स्वतःवर धड रागावताही आलं नाही.

सहावीच्या मुलांना इंटरनेटवर माहिती कशी शोधायची ते शिकवायचं काम शाळेने त्यांच्या गळ्यात मारलं होतं, कारण ग्रंथालयात सहा संगणक होते आणि त्यातले चार चालू होते. मुलांची पद्धत एकच. प्रश्न टाकायचा आणि पहिलं जे पान उघडेल ते डोळे मिटून वहीत उतरवायचं. एकाने तर देवमाशाच्या माहितीत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरातही उतरवली होती, किमतीसकट. तेव्हा बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तीन ठिकाणी सापडलं तरच खरं.’ आणि मुलांना चांगली अद्दल घडावी म्हणून घरी बसून इंटरनेटवर एक पान रचलं : ‘कपड्यांचा चिमटा शोधून काढणारी बाई’.

बेत साधा होता. मुलं फसतील, दुसरीकडे शोधतील, कुठेच काही सापडणार नाही, मग बाई हसून सांगतील, “बघा, फसलात की नाही!” पण लिहिता लिहिता त्या रंगल्या. वाऱ्याने नवऱ्याचा एकुलता एक सदरा उडाला काय, शेजारच्या कौलांवर जाऊन बसला काय आणि त्या बाईने उभ्या उभ्या दोन काड्यांना तार गुंडाळून चिमटा केला काय! सोबत फोटो हवा म्हणून त्यांनी अल्बममधला सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो लावला. गच्ची, हातात बादली, मागे दोरी, दोरीवर चिमटे. अगदी मापाने शिवल्यासारखा. सासूबाई तिथेच खुर्चीत नेहमीप्रमाणे लाल पेन्सिल घेऊन पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी बाईंना ताप भरला, तो आठ दिवस उतरला नाही. त्यांचा तास खेळाच्या सरांनी घेतला. तासासाठी नेमलेलं ते पान बघून सरांना भरूनच आलं. “एवढी थोर बाई, आणि आपल्याला पत्ता नाही!” म्हणत त्यांनी वर्गाकडून निबंध लिहून घेतले आणि सगळ्यांत चांगला निबंध फोटोसकट शाळेच्या संकेतस्थळावर चढवला. तिथून तो एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीने उचलला.

बाई परत आल्या त्या दिवशी वर्ग नुसता फुलून आला होता.

“मुलांनो, ती माहिती खोटी आहे,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई. तीन ठिकाणी आहे.” हे बोलणारी मुलगी पहिल्या बाकावरची. हिला अख्खा वर्ग ‘पुरावा’ म्हणायचा, आणि नाव ठेवणाऱ्यांनी काही अन्याय केला नव्हता.

“अगं, मीच लिहिलंय ते!”

“पुरावा?”

“मी सांगतेय ना!”

“ते एकच ठिकाण झालं, बाई.”

“त्या फोटोतल्या माझ्या सासूबाई आहेत!” बाईंचा आवाज चढला.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. मग पुरावा म्हणाली, “आहेत त्या अजून? मग त्यांनाच विचारू या. माणूस हयात असेल तर थेट त्यालाच विचारावं, हे तुम्हीच शिकवलंत.”

बाई मुख्याध्यापिकांकडे धावल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, आत्ता कुठे खोटं म्हणताय! परवाच्या पालकसभेत मी त्यांच्यावर दहा मिनिटं बोललेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहू द्या थोडे दिवस, विसरतील सगळे.”

निदान घरी तरी सरळ सांगून टाकावं म्हणून बाई घरी आल्या, तर पेपर घेऊन शेजारीण हजर.

“काकू, कधी बोलला नाहीत हो!”

सासूबाईंनी बाहेर जायचा चष्मा घरात लावला होता. त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, “वारा फार असायचा त्या वर्षी.”

बाई दारातच थबकल्या. सासूबाईंना कित्येक वर्षांत ‘गोळी घेतलीत का’ याखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं. आता शेजारीण चिमट्याबद्दल विचारत होती, आणि त्या ताठ बसून उत्तरं देत होत्या. ते आपल्या तोंडाने कसं हिसकावून घ्यायचं? बाई म्हणाल्या, “आई, चहा टाकू?” आणि त्या भ्याडपणाचा चहा तिघींनी मिळून प्यायला.

शनिवारी दुपारी पाच मुलं वह्या घेऊन आली. बाई स्वयंपाकघरात पेल्यांत सरबत ओतत होत्या आणि निम्मं ओट्यावर सांडत होत्या. सासूबाई खोटं बोलल्या तर मुलांना शिकवलेलं सगळं पाण्यात, आणि पकडल्या गेल्या तर या वयात मुलांसमोर शोभा. आणि दोन्हीचं पाप आपल्याच माथी.

“आजी, सदरा कुठल्या रंगाचा होता?” बाहेर एकाने विचारलं.

“सदरा ना… वारा असा होता म्हणून सांगू…”

“आजी, एक मिनिट,” पुरावा म्हणाली. तिने फोटो मोठा करून छापून आणला होता. “या दोरीवर कपडे नाहीत. कागद आहेत. बघा, त्यावर अक्षरं आहेत. बाईंनी सांगितलंय, फोटो नीट बघावा.”

पेल्यांचा ट्रे घेऊन आलेल्या बाई जागीच थांबल्या. फोटो त्यांनी स्वतः नीट बघितला नव्हता.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. आणि हसल्या. “हुशार आहेस गं. छापखान्याची गच्ची आहे ती. ओले कागद वाळत घालायचो आम्ही. बादलीत चिकटवायची खळ आहे. मी तिथे प्रुफं तपासायचे. लग्नाआधी सहा वर्षं.”

“म्हणजे काय करायचात?”

“छापण्याआधी चुका पकडायच्या. शाळेचीच पुस्तकं असायची. एकदा इतिहासाच्या पुस्तकात एक राजा स्वतःच्या बापाच्या चार वर्षं आधी जन्मला होता. पकडला मी त्याला.”

मुलं खिदळली. पुरावा मात्र वहीवरून मान वर करत म्हणाली, “मग वाऱ्याचं खोटं सांगितलंत?”

“वारा खरा होता. कागद उडायचे ना. सदरा हिने, तुमच्या बाईंनी घुसडला.”

“मग छापखान्याचं आधी का नाही सांगितलंत?”

“सगळे सदऱ्याचंच विचारत होते, बाळ.”

बाईंच्या हातातला ट्रे जड झाला. जगातली कुठलीही माहिती कशी शोधावी हे त्या चाळीस मुलांना शिकवत होत्या, आणि घरातल्या बाईला एक प्रश्न विचारायला त्यांना अठरा वर्षं पुरली नव्हती. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, सासूबाई लाल पेन्सिलीने शब्दकोडं सोडवतात.

संध्याकाळी त्यांनी पेपर उघडून पाहिला. शब्दकोडं कोरं होतं. बातम्यांत मात्र लाल खुणाच खुणा.

त्या रात्री जेवणाआधीच बाईंनी ते पान पुसलं. पण तोवर चिमट्याची ती बाई अकरा ठिकाणी पोचली होती, आणि खरं तेवढं एकाच ठिकाणी असणार होतं. तरी त्यांनी नवं पान लिहिलं. आणि चढवण्याआधी, पहिल्यांदाच, कागदावर छापून सासूबाईंसमोर ठेवलं.

‘आधीची माहिती मी रचलेली होती. ती चूक माझी. फोटोतल्या बाई माझ्या सासूबाई. मी त्यांना अठरा वर्षं ओळखते.’

सासूबाईंनी दोनदा वाचलं. मग ‘ओळखते’ या शब्दाभोवती एक बारीक लाल वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं, ‘पुरावा?’

बाईंनी पेन उचललं. मग त्यांनी ते वाक्य खोडून खाली लिहिलं, ‘मी अठरा वर्षं त्यांच्या घरात राहते.’

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला, पेन्सिल ओळींवरून नुसती हवेत फिरवत राहिल्या, आणि शेवटी एक टिंबसुद्धा न काढता परत दिला.