जुना सतरा, नवा एकतीस

पदवी हातात पडून बावीस दिवस झाले होते, आणि बावीस दिवस त्या घरात एकच वाद चालू होता. मुलीनं नोकरी धरायची की धंदा काढायचा?

नोकरी हाताशी होती. एका मोठ्या कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी तिची निवड झाली होती, फक्त रुजू व्हायचं बाकी होतं. धंदा मात्र अजून तिच्या डोक्यातच होता. घर किंवा कार्यालय बदलणाऱ्यांचं सामान नीट बांधून द्यायचं, खोक्यांना आकडे घालायचे, आणि नव्या जागी सगळं जिथल्या तिथे लावून द्यायचं.

"लोकांची भांडी गुंडाळायला तुला कॉलेजात घातलं होतं का गं?" बाबा विचारत.

बाबांचं म्हणणं साधं होतं. ते स्वतः एका कार्यालयाच्या रेकॉर्ड खोलीत चौतीस वर्षं होते. सहकारी त्यांना माघारी 'रजिस्टर' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. चौतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, हे ते घरात आलेल्या कुणालाही सांगत, मग तो गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला का असेना. आणि कीर्तनकार आख्यान कितीही लांब नेवो, शेवटी जसा ध्रुपदावर येतो, तसे बाबा कुठूनही निघाले तरी एकाच ओळीवर येत, "कायम नोकरी ती कायम नोकरी."

आई कुणाच्याच बाजूची नव्हती. "तुम्ही दोघं काय ते ठरवा. मला कुणीतरी ही भांडी बांधून द्या म्हणजे झालं," एवढंच ती म्हणे. कारण त्या कुटुंबालाच घर बदलायचं होतं. नवं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

त्यातूनच पैज लागली.

"आपलंच घर बांधते मी," मुलगी म्हणाली. तिला घरात बबडी म्हणत आणि पदवीधर झाल्यापासून तिला ते मुळीच खपत नसे. "सगळं बांधून झालं की तुम्ही एक वस्तू मागायची. कुठलीही. पाच मिनिटांत काढून दिली तर नोकरीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही दिलीस तर?"

"तर गपगुमान रुजू होईन."

"कुठलीही वस्तू?"

"सुईसुद्धा मागा."

बबडीनं पाच दिवस राबून घर बांधलं. त्रेचाळीस खोकी झाली. प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी, आणि कुठल्या आकड्यात काय आहे हे तिच्या निळ्या वहीत. चिकटपट्टी लावायची तिची स्वतःची रीत होती. उभे तीन वेढे, आडवे तीन, आणि वर प्रत्येक कोपऱ्याला एकेक पट्टी. कागद जड असतात म्हणून कागदपत्रांचं सतरा नंबरचं खोकं तिनं निम्मंच भरलं आणि उरलेल्या जागेत, टॉवेलांच्या मधोमध, बाबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं काचेचं मानचिन्ह ठेवलं.

"त्याला तडा गेला तर मी काही बोलणार नाही," बाबा म्हणाले. "फक्त जेवणार नाही."

बांधाबांध संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच उठले. आवरायला काही नव्हतं, वाचायला पेपर आला नव्हता. ते बाहेरच्या खोलीत उभे राहून खोक्यांकडे पाहू लागले, आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. एक नंबर स्वयंपाकघराच्या दारात, त्याच्या डोक्यावर बावीस, शेजारी नऊ, आणि दोन नंबर थेट गॅलरीत! मुलीनं सामान बांधलं त्या क्रमानं आकडे घातले होते, आणि खोकी जागा मिळेल तिथे रचली होती. वहीत सगळं बरोबर होतं. पण बाबांना समोर दिसत होतं ते चूक होतं.

चांगल्या माणसाच्या हातून वाईट काम होतं तेव्हा तो ते अतिशय नीटनेटकेपणानं करतो. बाबांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या हलक्या हातानं सोडवल्या आणि दारापासून सुरू करून ओळीनं लावल्या. एक, दोन, तीन, चार. वर एका जाड रजिस्टरमध्ये दोन रकाने आखून नोंदही केली. डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा. मग रजिस्टर खिडकीत ठेवलं आणि मोठ्या समाधानानं दाढी करायला गेले. मुलीला सांगायचं होतं, पण ती उठली तेव्हा ते दाढी करत होते, आणि ते आंघोळीहून आले तेव्हा मामा आला होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मित्राची छोटी गाडी घेऊन तो पहिली खेप न्यायला आला होता. त्याचं धोरण स्पष्ट होतं. हलकं दिसेल ते आधी न्यायचं. आईनं उरलंसुरलं, म्हणजे झाडू, दोन कप आणि खिडकीतलं जे काय होतं ते, एका चव्वेचाळिसाव्या खोक्यात कोंबलं, वरून एकच पट्टी फिरवली आणि त्याच्या हाती दिलं. मामानं ते आणि आणखी चार हलकी खोकी गाडीत टाकली आणि गेला.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. कार्यालयातून.

"आज पाचच्या आत मूळ पदवी प्रमाणपत्र घेऊन या आणि रुजू व्हा," पलीकडचे मोठे कारकून म्हणाले. "उद्यापासून आमचं कार्यालय नव्या इमारतीत हलतंय. आज आला नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

बबडीनं फोन ठेवला. बाबांनी घड्याळ काढलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मी वस्तू मागतो. पदवी प्रमाणपत्र. तुझी पाच मिनिटं सुरू."

"पाच कशाला? दोन पुरे." तिनं वही उघडली. "कागदपत्रं, सतरा." खोक्यांच्या रांगेत सतरा पटकन सापडलं. पट्टी कापायला मात्र काही नव्हतं. सुऱ्या, कात्र्या, ब्लेड, सगळं तिनंच बांधून टाकलं होतं. शेजारी मागावी तर तिथे कुलूप. शेवटी किल्लीनं घासून घासून एक कोपरा सुटला. आत चपला होत्या.

"सतरामध्ये चपला?" बबडी खालीच बसली. "बाबा, मी कागद सतरामध्येच ठेवले होते. मला आठवतंय. तुमचं ते काचेचं पण."

बाबा खाकरले.

आईला त्या खाकरण्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. "अहो, काय केलंत?"

"काही नाही. जरा क्रम लावला."

"कशाचा?"

"आकड्यांचा."

बबडीनं वही मिटली.

"पण घाबरायचं कारण नाही," बाबा घाईघाईनं म्हणाले. "सगळी नोंद आहे. जुना नंबर, नवा नंबर. खिडकीत रजिस्टर आहे." ते खिडकीकडे वळले. खिडकी स्वच्छ होती.

"ते जाडं?" आई म्हणाली. "ते मी शेवटच्या खोक्यात घातलं. मामा घेऊन गेला."

मामाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मामानं पाच खोकी नव्या घरात नेली होती आणि नव्या फरशीचा गारवा लागतो का हे पाहायला तो जरा आडवा झाला होता.

"थांबायला वेळ नाही," बबडी म्हणाली. "फोडा एकेक."

पण तीन उभे, तीन आडवे आणि आठ कोपरे हे प्रकरण किल्लीनं सुटणारं नव्हतं. एकेका खोक्याला दहा-दहा मिनिटं लागत होती. आईची नखं गेली. बाबांनी दात लावून पाहिले आणि लगेच काढून घेतले. अंथरुणं निघाली, जुने अंक निघाले, एका खोक्यातून दुसरं खोकं निघालं. मध्येच कात्री निघाली, पण तिला स्क्रू नव्हता. तो वहीप्रमाणे 'बारीक वस्तू, अडतीस' मध्ये होता, आणि अडतीस आता कुठे होतं ते देवालाच माहीत.

"चांगलं बांधलंयस गं," पंधराव्या खोक्यापाशी आई घाम पुसत म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसला.

पावणेचारला मामाचा फोन आला. "ताई, तुझे सव्वीस फोन? कुणी गेलं की काय?"

"तू झोपेतून उठलास का ते आधी सांग. आणि ते शेवटचं खोकं उघड."

ते खोकं आईनं बांधलेलं होतं, त्यामुळे लगेच उघडलं. "रजिस्टर मिळालं," मामा म्हणाला. "वा भाऊजी! काय अक्षर आहे!"

"अक्षर राहू दे! सतरा बघ!" बाबा ओरडले.

"थांबा... पंधरा, सोळा... जुना सतरा, नवा एकतीस."

तिघंही खोक्यांवर तुटून पडली. तीस होतं. बत्तीस होतं. मध्ये एकतीस नव्हतं.

"एकतीस?" मामा फोनवर म्हणाला. "एकतीसला तर मी टेकून बसलोय."

हलकं म्हणून त्यानंच उचललं होतं. ते फोडायचा त्यानं दहा मिनिटं प्रयत्न केला आणि मग हात टेकले. "बबडे, यात प्रमाणपत्र आहे की वाघ? मी आख्खं खोकं घेऊनच कार्यालयात येतो. तुम्ही पोचा."

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. तिघं पोचली तेव्हा पाचला दहा कमी होती. आत पाऊल टाकलं आणि बाबा दारातच थबकले. खोलीभर फायली होत्या. कपाटं रिकामी आणि फायली जमिनीवर. काही चादरीत बांधलेल्या, काही बादलीत, काही नुसत्याच. त्या ढिगावर मोठे कारकून चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"आलात? चांगलं झालं. आता तुमची फाईल तेवढी सापडायची आहे."

"क्रमांक नाही घातले?" बाबांचा आवाज चिरकला.

"घातले ना. आम्ही सहा जणांनी घातले. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं. तेच तर झालंय."

बाबांनी मान खाली घातली.

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. खोकं छातीशी धरून मामा धावत वर येत होता, आणि खोक्यापुढचं त्याला काही दिसत नव्हतं. शेवटच्या पायरीनं दगा दिला. मामा वरच राहिला, खोकं खाली गेलं. एकेक पायरी मोजत, धाड धाड करत, थेट दुसऱ्या मजल्याच्या भिंतीपर्यंत.

"माझं मानचिन्ह," बाबा एवढंच म्हणाले.

आवाज ऐकून आतल्या केबिनमधून बाई बाहेर आल्या. त्या कार्यालयाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या केसांत कागदाचा कपटा अडकला होता. मामानं खोकं वर आणलं. आपटून आपटून एक कोपरा दबला होता, पण एकही पट्टी सुटली नव्हती. शिपायानं कात्री आणली. टॉवेल निघाले. मग मानचिन्ह निघालं. बाबांनी ते उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. साधा चराही नव्हता. खाली पदवी प्रमाणपत्र होतं, सुरकुतीशिवाय. पाचला पाच कमी होती.

"हे कुणी बांधलं?" बाईंनी विचारलं.

"मी," बबडी म्हणाली.

"तुम्ही हे काम करता?"

"करणार होते."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "कालपासून तीन माणसं हा ढीग बघून पळून गेली. आठवडाभर हलवाहलव पुढे ढकलते. हे सगळं बांधून, आकडे घालून नव्या इमारतीत लावून द्याल?"

"बाई," मोठे कारकून म्हणाले, "त्या आज इथे रुजू होतायत. आपल्याच माणसाला आपलं बाहेरचं काम देता येत नाही. नियम आहे." त्यांनी रुजू होण्याचा कागद आणि पेन पुढे केलं. "काय ते एकच. पाच मिनिटं आहेत तुमच्याकडे."

बबडीनं पेन घेतलं. बाबांकडे पाहिलं. तिच्या नखांना अजून चिकटपट्टी लागलेली होती.

"हरले मी, बाबा. पाच मिनिटं म्हणाले होते. साडेचार तासांवर गेलं." आणि ती सही करायला वाकली.

"थांब." बाबांनी कागदावर हात ठेवला. मानचिन्ह अजून दुसऱ्या हातात होतं. चौतीस वर्षांत त्यांनी खोटी नोंद केली नव्हती, आणि आता करायची नव्हती. "तुला पाच मिनिटंच लागली असती. बाकीचे साडेचार तास माझ्या नावावर लिही." मग ते कारकुनांकडे वळले. "ही रुजू होत नाही. यादीतल्या पुढच्याला बोलवा."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"नाही," बाबा म्हणाले. "त्या बादलीतल्या फायली बघून कसंतरी होतंय."

काम नऊ दिवस चाललं. फायली लावायला जाणकार माणूस हवा होता, आणि असा माणूस बबडीच्या ओळखीत एकच होता. तिनं त्यांना रीतसर नेमणूकपत्र दिलं. बाबांनी ते तीनदा वाचलं आणि त्यातली एक चूक दुरुस्त करून परत टाईप करून घेतलं. आता ते रोज साडेनऊला डबा घेऊन निघतात, हजेरीवर सही करतात, आणि परवा पाय दुखत होता तर मुलीच्याच नावानं रजेचा अर्ज लिहून तो तिच्या ताटाशेजारी ठेवून बसले. पत्रात एकच अट लाल शाईत आहे. एकदा चिकटवलेल्या आकड्याला हात लावायचा नाही.

"घरात नोकरी लागली हो," आई फोनवर सगळ्यांना सांगते. "पोरीला नाही, ह्यांना."

"कायम का?" मामानं विचारलं.

आईनं फोन बाजूला धरून बबडीला विचारलं.

"सध्या तात्पुरती," बबडी वहीतून मान वर न करता म्हणाली. "सहा महिने बघू. कालच नव्या कामावर, एका गोदामात शिडीवर चढून चिठ्ठ्यांकडे बघत उभे होते."