क्षमेचे प्रात्यक्षिक

माणूस जन्मतः पापी आहे, याबद्दल आमच्या चर्चमध्ये दुमत नाही. मतभेद आहे तो फक्त नेमका कोणता माणूस, एवढ्यापुरताच. हा मतभेद कायमचा मिटावा या उदात्त हेतूने कार्यकारिणीने रविवारच्या उपासनेनंतर ‘प्रौढ आत्मिक जडणघडण वर्ग’ सुरू केला. प्रौढ म्हणजे ज्यांची जडणघडण होऊन गेली आहे आणि जशी झाली तिच्याबद्दल घरच्यांची तक्रार आहे, असे सभासद.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. तिथे एरवी संडे स्कूल चालत असल्यामुळे खुर्च्या लहान मुलांच्या मापाच्या आहेत. गुडघे हनुवटीला टेकले की माणसाला आपोआप लीन वाटू लागतं (आणि उठताना देवाचं नाव न घेतलेला सभासद अजून कुणी पाहिलेला नाही). भिंतीवर मुलांनी रंगवलेलं नोहाचं तारू आहे. त्यात सिंह आणि शेळी शेजारी उभे आहेत. दोघांच्याही चेहऱ्यावर कार्यकारिणीच्या बैठकीतले भाव आहेत.

पहिले दोन विषय, विश्वास आणि संयम, सुरळीत पार पडले, कारण ते फक्त फळ्यावर शिकवले गेले. विश्वासाच्या तासाला सर्वांनी माना डोलावल्या. संयमाचा तास लांबला तेव्हा निम्मे लोक उठून गेले. उरलेल्यांना विषय समजला असं धरण्यात आलं. (त्यांतले काही झोपले होते. पण झोप हाही संयमाचाच प्रकार आहे.)

मग पाळकसाहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, सुस्वभावी आहेत, आणि शिबिराला जाऊन आलेला माणूस जेवढा धोकादायक असतो तेवढेच धोकादायक आहेत. पुढचा विषय क्षमा. तो त्यांनी प्रात्यक्षिकासह घ्यायचं ठरवलं. प्रत्येकाने उभं राहून वर्गातल्याच एकाकडे बघून म्हणायचं, “मी तुम्हाला क्षमा केली आहे.” समोरच्याने आभार मानायचे आणि खाली बसायचं. कशाबद्दल क्षमा, ते मात्र सांगायचं नाही.

“कारण उगाळलं की ती क्षमा राहत नाही,” पाळकसाहेब म्हणाले, “तक्रार होते.”

नियम निर्दोष होता. त्यात एकच बारीक त्रुटी राहिली होती, ती म्हणजे माणसं.

आधी विमा एजंट उभे राहिले. ते दातांच्या डॉक्टरांकडे वळून गहिवरल्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, मी तुम्हाला क्षमा केली आहे.”

“मला?” डॉक्टर चपापले. “कशाबद्दल?”

“कारण विचारायचं नाही, डॉक्टर,” पाळकसाहेब हळूच म्हणाले. “आभार माना.”

“अहो, पण मी यांचं काही केलेलंच नाही!”

“बघा,” विमा एजंट सर्वांना उद्देशून म्हणाले. “तरीही मी क्षमा केली.”

टाळ्या पडल्या. कुणाला तरी माफ करणं इतकं सुखाचं असतं, हे मंडळीला ठाऊकच नव्हतं. हात भराभर वर झाले. वर्गातले निम्मे लोक कधी ना कधी डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलेले असल्यामुळे डॉक्टरांना इतक्यांदा क्षमा करण्यात आली, की शेवटी ते बसल्याजागीच आभार मानू लागले. मग त्यांची बायको उठली.

“मीही केली,” ती म्हणाली.

“अगं, तू घरी सांगायचंस ना!”

“घरी तुम्ही ऐकता कुठे?”

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी वेळेची बचत केली. “मी सर्वांना सरसकट क्षमा करते,” त्यांनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवत जाहीर केलं. “एकेकाला घ्यायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल.” एवढ्या लोकांचा अपमान एवढ्या थोड्या शब्दांत करण्याचा मान आजवर कुणालाही मिळालेला नाही.

इथवर प्रात्यक्षिक यशस्वी होतं. मग शिंपी उभा राहिला.

शिंपी आणि इलेक्ट्रिशियन हे सख्खे भाऊ. इलेक्ट्रिशियन थोरला. आईच्या दफनविधीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. उपासनेत थोरला डावीकडे बसे, धाकटा उजवीकडे. शेजाऱ्याला ‘शांती असो’ म्हणून हात देण्याची वेळ आली की दोघं विरुद्ध दिशांना वळून इतक्या अनोळखी लोकांना शांती देत, की नवे पाहुणे भारावून जात.

“दादा,” शिंपी जमिनीकडे बघत म्हणाला, “मी तुला क्षमा केली आहे.”

थोरल्याने आभार मानायचे होते. त्याऐवजी तो अशा तिरमिरीत उठला, की कमरेला अडकलेली खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

“तू? मला? अरे, मीच तुला कधीची क्षमा करून टाकलीय!”

“कधी?”

“मनात!”

“मनातली मला कळणार कशी? आणि मी तर दफनाहून घरी परततानाच केली होती!”

“बंधूंनो, कृपा करून कारण—” पाळकसाहेब म्हणाले.

“कारण मी सांगतो!” थोरला गरजला. “आई जात होती आणि यानं मला फोन केला नाही. सबंध दुपार ती हॉस्पिटलात पडून होती, आणि मी कुणाच्या तरी दिवाणखान्यात पंखा बसवत होतो. पंखा!”

“तिनंच नको म्हटलं होतं.”

“काय?”

“म्हणाली, तो शिडीवर असेल. फोन वाजला की दचकतो. पडेल.” शिंप्याचा आवाज बारीक झाला. “मी सारखा विचारत होतो, आई, आता करू का? ती म्हणायची, थांब, अजून उतरला नसेल.”

थोरला खुर्चीसकट उभा होता.

“उतरलो होतो रे,” तो म्हणाला. “जेवायला उतरलो होतो.”

“मला काय माहीत?”

“मग हे आजवर सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? कबरीपाशी मी जवळ आलो, तर तोंड फिरवून चालता झालास. मी क्षमा केली ती त्याची.”

थोरला तिथेच हमसून रडू लागला. त्याने डोळे पुसायला हात वर केले, तशी खुर्ची हलली. शिंपी पुढे झाला, भावाच्या पाठीमागे गुडघ्यावर बसला आणि खुर्ची सोडवू लागला.

“हलू नकोस दादा, पँट उसवेल. शिवायची मलाच आहे.”

खुर्ची निघाली. दोघं बाहेर गेले आणि गाड्या लावतात तिथल्या कठड्यावर बसून उरलेला वेळ मोठमोठ्याने भांडत राहिले. मधेच कुणीतरी हसत होतं. तो आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

आत्मिक शिक्षणाच्या दृष्टीने हा प्रकार अत्यंत खेदजनक होता. दोघांनी कारण सांगितलं, आवाज चढवला, आणि आभार तर एकानेही मानले नाहीत. मूल्यमापनात दोघांना नापास करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाकीचे सर्व उत्तीर्ण झाले. डॉक्टरांना तर विशेष प्रावीण्य मिळालं. ते आता दुसऱ्या चर्चला जातात. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही, त्यामुळे क्षमाही करत नाही. मुख्याध्यापिका बाईंशी सध्या कुणी बोलत नाही, आणि उरलेले उत्तीर्ण विद्यार्थी एकमेकांना भेटले की क्षमाशीलपणे रस्ता ओलांडतात.

नापास झालेले भाऊ मात्र एकाच बाकावर बसतात आणि आईला कोणतं गीत आवडायचं यावरून प्रवचनभर कुजबुजत वाद घालतात. पाळकसाहेब मोठ्या मनाचे. त्यांनी दोघांना पुन्हा वर्गाला बसण्याची संधी देऊ केली.

“नको, साहेब,” थोरला हात जोडून म्हणाला. “आत्ता कुठे बोलणं सुरू झालंय.”

अशा तुरळक अपयशांनी खचून न जाता कार्यकारिणीने दुसरी तुकडी जाहीर केली आहे. प्रतिसाद अभूतपूर्व आहे. लोक आपणहून येऊन नावं सुचवतात. कुणी नवऱ्याचं, कुणी वहिनीचं, कुणी ऑफिसातल्या साहेबांचं. (स्वतःचं नाव देणारा अद्याप कुणी आलेला नाही. पण स्वार्थत्याग हा वर्गाचा पायाच आहे.)

वर्ग बाहेरच्यांनाही खुला आहे. हे वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर कुणीतरी आलंच असेल. त्यांचं नाव बेलाशक कळवा. तुमचं कळवण्याची तसदी घेऊ नका, ते आमच्याकडे आलेलं आहे. कुणी दिलं आणि का दिलं, ते विचारू नका. त्या व्यक्तीने तुम्हाला क्षमा केली आहे. आभार माना आणि खाली बसा.