गोजराबाईंचं मासळी कार्ड

एका जंगलात, बाळांनो, वाघसुद्धा हप्त्यावर शिकार घेत असे. इतकं ते जंगल पुढारलेलं होतं. त्या जंगलात गोजराबाई नावाची एक शेकरू राहत होती. शेकरू म्हणजे मोठी खार. झुबकेदार शेपटी, तांबूस अंग आणि हिशेबाला पक्की.

गोजराबाई लोकांची घरटी विणून देत. मोबदल्यात चिंचोके मिळत. त्या जंगलात चिंचोके हेच चलन होतं. हसू नका. तुमच्या खिशातल्या कागदाला तरी कुठे चव असते?

पूर्वी चारोळ्या झाडावर मिळायच्या. मग सगळी झाडं एका वानराने आपल्या नावावर करून घेतली आणि चारोळ्या दुकानात मिळू लागल्या. पावसाळ्याचे चार महिने दुकान बंद, घरट्यांची कामंही बंद. म्हणून मृग लागायच्या आत ढोली भरून ठेवावी लागे. गेल्या वर्षी ढोलीत मुंग्या शिरल्या होत्या. निम्मा साठा त्यांनी नेला आणि गोजराबाईंची दोन पिल्लं श्रावणभर अर्धपोटी झोपली. ते गोजराबाईंच्या मनाला फार लागलं होतं. यंदा त्यांनी मडक्यात सहाशे चिंचोके जमवले होते. चारोळ्या घ्यायच्या, फणसाच्या आठळ्या घ्यायच्या आणि घट्ट झाकणाचा एक डबा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

एका सकाळी समोरच्या फांदीवर भारद्वाज येऊन बसला.

आता भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे तुमच्या आजीने तुम्हाला सांगितलंच असेल. जंगलातही तीच समजूत होती. जंगलात अस्वलाची उसनवारीची पेढी होती, तिलाही ही समजूत ठाऊक होती. कार्डं खपवायला पेढीने आधी घुबड ठेवलं होतं. घुबड हुशार आणि प्रामाणिक. सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवायचं. एकही कार्ड खपलं नाही. मग पेढीने घुबडाला काढलं आणि भारद्वाजाला ठेवलं.

गोजराबाईंनी लगेच हात जोडले.

"वहिनी, आज तुमचं नशीब उघडलं," भारद्वाज म्हणाला. त्याच्या चोचीत बांबूची एक गुळगुळीत चकती होती. "हे कार्ड. खर्च आज करायचा, चिंचोके महिन्याने द्यायचे. वर प्रत्येक खर्चावर गुण. पाच हजार गुण झाले की घट्ट झाकणाचा तांब्याचा डबा फुकट!"

"मुंग्या शिरत नाहीत ना त्यात?"

"मुंग्यांचं सोडा, वहिनी, वाससुद्धा शिरत नाही."

गोजराबाईंची शेपटी आपोआप उभी राहिली. "आणि गुण कशावर मिळतात?"

"मासळीवर. एका चिंचोक्याला दहा गुण."

"आणि चारोळ्यांवर?"

"चारोळ्यांवर समाधान मिळतं."

"पण आम्ही मासे खात नाही हो."

"अजून खात नाही, असं म्हणा," भारद्वाज हसून म्हणाला. "फक्त मृगाच्या आत गुण पूर्ण करा. नंतर ते बाद होतात."

तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात. माहीत आहे मला. पण ज्याचं दर्शन शुभ, त्याला दारातून रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? गोजराबाईंनी चकतीवर पंजा उमटवला.

दुसऱ्या दिवशी त्या नदीकाठी निघाल्या. तिथे खंड्या पक्षी मासळी विकत असे. वाटेत मथुमावशी आडवी आली. मथुमावशी म्हणजे रानमांजर. वाघाची मावशी, म्हणून सगळ्यांचीच मावशी. अस्वलाच्या पेढीवर तिने सात वर्षं खाती लिहिली होती. पेढीचं पोट तिला आतून माहीत होतं.

मांजर आडवं गेलं की सात पावलं मागे जायचं. गोजराबाई सात पावलं मागे गेल्या.

"अगं गोजरे, तू मासे खातेस का?" मथुमावशीने विचारलं आणि बोलणं ऐकू जावं म्हणून ती पुढे आली.

"नाही, मावशी," म्हणत गोजराबाई आणखी सात पावलं मागे गेल्या.

"मग हे कार्ड कशाला घेतलंस?"

"डब्यासाठी."

"तसला डबा तांबट पक्ष्याच्या दुकानात साठ चिंचोक्यांना मिळतो!"

"तो विकत, मावशी. हा फुकट."

"पाच हजार गुणांना पाचशे चिंचोक्यांची मासळी लागते! फुकट कसला?"

तोवर पुन्हा सात पावलं, पुन्हा सात पावलं करत गोजराबाई थेट आपल्या झाडाखाली पोचल्या होत्या. मग त्या दुसऱ्या वाटेने नदीवर गेल्या आणि पन्नास चिंचोक्यांचे मासे घेऊन आल्या.

पिल्लांनी मासा हुंगला आणि तोंड फिरवलं. गोजराबाईंनी स्वतः एक घास घेऊन पाहिला. तो त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी सगळी मासळी त्यांनी झाडाखाली टाकली. सकाळी तिथे एक काटाही उरला नव्हता. मथुमावशी बाजूला बसून मिशा पुसत होती.

"माझं भलंच होतंय, गोजरे," ती म्हणाली. "तरी सांगते, बंद कर हे."

"आमचंच खायचं आणि आम्हालाच शिकवायचं!" गोजराबाई वरूनच म्हणाल्या. तसं त्यांचं चूक नव्हतं.

भारद्वाज दर आठवड्याला येई, गुणांचा आकडा सांगे आणि गोजराबाईंचा नमस्कार घेऊन जाई. हजार झाले. दोन हजार झाले. महिन्याच्या महिन्याला पेढीची मागणी येई आणि मडक्यातले चिंचोके जात. गुण चार हजार झाले तेव्हा मडक्यात दोनशे चिंचोके उरले होते आणि मृगाला पाच दिवस.

त्या दिवशी धाकट्या पिल्लाने विचारलं, "आई, यंदा आठळ्या नाही आणायच्या?"

गोजराबाई बराच वेळ मडक्यापाशी बसल्या. दोनशे चिंचोक्यांत दोन महिन्यांच्या चारोळ्या आल्या असत्या. पिल्लांच्या पाठीवरून त्यांनी पंजा फिरवला. गेल्या श्रावणातल्या त्या पाठी त्यांना आठवल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. चारोळ्याच घ्यायच्या, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पण चार हजार गुण वाया कसे घालवायचे?" त्या म्हणाल्या आणि उठल्या.

इथे तुम्ही डोक्याला हात लावू नका. तुमच्या घरीही कुणीतरी दोनशेची सूट मिळावी म्हणून हजाराचे पडदे आणलेले आहेत. विचारून पाहा.

मृगाच्या आदल्या दिवशी डबा आला. खरंच सुंदर होता. भारद्वाज स्वतः घेऊन आला होता.

"डबा फुकट," तो म्हणाला. "पोचवणुकीचे साठ. झाकणाचे चाळीस."

शेवटच्या मासळीचे शंभर वळते करून मडक्यात बरोबर शंभर चिंचोके उरत होते. पेढीचा हिशेब कधी चुकत नाही.

पिल्लांनी डब्याभोवती उड्या मारल्या. मग झाकण उघडून ती आत डोकावली. थोरलं म्हणालं, "आई, यात काहीच नाही."

"मुंगीसुद्धा नाही," गोजराबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी खसफस झाली. मथुमावशी चार पोती ओढत आली होती. दोन चारोळ्यांची, दोन आठळ्यांची.

"यंदा जेवणावर माझा एक चिंचोका खर्च झाला नाही," ती म्हणाली. "वाचलेल्या चिंचोक्यांत हे आलं. भर डबा, आणि पोरांना नीट खाऊ घाल."

ती गेली. ती ज्या वाटेने गेली तिच्यापासून गोजराबाई आधी सात पावलं मागे सरकल्या. मग पोती आत घेतली. डबा गच्च भरला. झाकण घट्ट बसलं. पिल्लं त्या पावसाळ्यात पोटभर जेवली.

पोती आली त्या रात्री झोपताना धाकट्याने विचारलं, "आई, आपलं नशीब इतकं चांगलं कसं?"

"अरे," गोजराबाई डोळे मिटत म्हणाल्या, "काल भारद्वाज दिसला होता ना!"

तात्पर्य : आपण काय खातो ते पाहून कार्ड घ्यावं, असं तुम्ही पाटीवर लिहिलं असेल तर पुसून टाका. मासे न खाणाऱ्याने मासळीचं कार्ड खुशाल घ्यावं. फक्त शेजारी एक अपशकुनी मांजर असावी, तिला मासे आवडावेत आणि हिशेब यावा.