खिडकीजवळच्या टेबलाबाबत

आमचं कार्यालय गेल्या वर्षापासून संपूर्ण धूम्रपानमुक्त आहे. दारावर तसा फलक आहे आणि राखेच्या जुन्या भांड्यात आम्ही मनीप्लांट लावला आहे. चौदा कर्मचाऱ्यांपैकी एकही जण सिगारेट ओढत नाही. तेरा जण ई-सिगारेट ओढतात. त्यात मी, मुख्य लिपिक, आलोच. धूर नाही, राख नाही, नुसती वाफ. साहेबांची पुदिन्याची, भांडारपालाची स्ट्रॉबेरीची. ई-सिगारेट संगणकाला लावून चार्ज करता येते, म्हणजे ती कार्यालयीन साहित्यातच मोडते, असं आम्ही धरून चालतो.

चौदाव्या म्हणजे आवक-जावकच्या ताई. टपालाच्या थैलीखेरीज त्यांनी आयुष्यात काही ओढलेलं नाही. पूर्वी त्या गठ्ठा घेऊन दोन मजले एका दमात चढायच्या. मग त्यांना खोकला लागला आणि त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबू लागल्या. डॉक्टरांनी वाफेपासून लांब बसायला सांगितलं. ताईंनी साधा अर्ज केला: माझं टेबल खिडकीजवळ हलवावं.

साहेबांनी त्यांना बोलावून समजूत घातली की वाफेने कुणाला काही होत नसतं. ताईंनी भांडारपालाने टाकलेली, ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवाची रिकामी बाटली पुढे ठेवली.

“साहेब, यात निकोटीन आहे. बाटलीवरच लिहिलंय.”

साहेबांनी चष्मा वर सारून पाहिलं. “किती बारीक अक्षर आहे, ताई. धोका मोठा असता तर मोठ्या अक्षरात लिहिला नसता का?”

तरीही अर्ज लेखी होता, त्यामुळे समिती नेमणं भाग पडलं. समितीवर विषयाचा अनुभव असलेले तिघे घेतले; ताईंना अनुभव नसल्याने त्यांचा विचार करता आला नाही. सचिव मी. समितीने अभिलेख कक्षाचं दार लावून चार बैठका घेतल्या. चौथ्या बैठकीत एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले, तेव्हा पुरावा पुरेसा गोळा झाला असं ठरलं. भांडारपाल सारखा खाकरत होता, पण ते हवामान.

निष्कर्ष सरळ निघाला. कार्यालय धूम्रपानमुक्त आहे, वाफ निरुपद्रवी आहे. मग ताईंना खोकला कशाने? अर्थात त्या चोरून सिगारेट ओढत असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांच्या सेवापुस्तकात तशी नोंद झाली आणि सिगारेट सुटावी म्हणून भांडारातून त्यांना एक ई-सिगारेट, पोच घेऊन, देण्यात आली.

“जे ओढतच नाही ते सोडू कसं?” ताईंनी मला विचारलं.

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात,” मी म्हणालो. बैठकीत तसं उत्तर ठरलेलं होतं.

मात्र उपचार म्हणून वाफ घेणाऱ्यांसाठी खिडकीजवळची जागा राखीव ठेवावी, असा एक जुना आदेश दप्तरात सापडला. अशा कर्मचारी एकट्या ताईच. त्यांचं टेबल हललं. त्या ते यंत्र हातात धरून उघड्या खिडकीत बसू लागल्या, आणि महिन्याभरात गठ्ठा घेऊन पुन्हा दोन मजले चढू लागल्या. सही घ्यायला गेलो तेव्हा मला दिसलं, यंत्रावरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

“कुणाला सांगू नका, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मला फक्त हवा हवी होती.”

मी शब्द दिला आणि पाळला. त्यामुळे समितीच्या अंतिम अहवालात ई-सिगारेटने खोकला बरा होतो हे सिद्ध झालं. भिंतीवर ताईंचा फोटो लागला. आता वाफ औषधी ठरल्यावर ती खिडकीतून फुकट बाहेर जाऊ देणं बेजबाबदारपणाचं होतं. खिडक्या कायमच्या बंद करण्याचं परिपत्रक मीच लिहिलं. सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल, हे वाक्यही माझंच. हरकतींची वाट पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून सुतार पहिल्याच दिवशी येऊन खिळे मारून गेला. ताई चौकटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण माझी बाटली संपत आली होती आणि नवी भांडारपालाकडूनच मिळते.

ताईंची हरकत आली. बऱ्या झालेल्या माणसाला तक्रारीचं कारण उरत नाही, म्हणून ती दप्तरी दाखल केली. काल त्या जिन्याच्या पहिल्याच वळणावर गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. मी त्यांना ओलांडून वर गेलो, आणि वर पोचल्यावर मलाही कठडा धरून खोकावं लागलं.

आज सातवा दिवस आहे. परिपत्रकामागची ही हकीकत माहितीसाठी आपल्याकडे पाठवली आहे. ती आपण आत्ताच वाचून संपवली. हरकत नसेल तर आपल्याला काहीही करावं लागणार नाही. आम्हालाही लागलं नव्हतं.