कोपरातले दाणे

मारोतभाऊंकडे पाहुणा गेला की चहाच्या आधी बाटली यायची. औषधाची जुनी बाटली, आत ज्वारीसारखे पांढरे दाणे. ती पाहुण्याच्या कानाशी खुळखुळवत ते म्हणायचे, "माह्या कोपरातून काढले डाक्टरनं. पाहून घ्या. मुद्दाम नाई बरं!"

कोपरात दाणे मुद्दाम कोण पिकवतो, मला कळेना.

आणीबाणी उठली त्या साली मी मास्तर म्हणून नाचणगावात आलो, त्यांच्या भिंतीला भिंत लावून. पहिल्याच दिवशी बाटली समोर ठेवून ते चहा सांगायला आत गेले. मला वाटलं, होमिओपॅथीच्या गोळ्या. खोकला होताच, टाकल्या दोन जिभेवर.

"थुका, मास्तर! पुरावा हाय तो!"

थुंकलो. त्यांनी दाणे धुऊन, धोतराला पुसून परत बाटलीत टाकले. मला चहा मिळाला नाही.

पुरावा कसला, ते त्यांच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं. सांध्याच्या आतलं अस्तर बिघडून असे दाणे धरतं; क्वचित कुणाला होतो म्हणे हा आजार. दाणा मध्ये आला की हात जागीच अडकायचा. धाकटा भाऊ शामराव वाटणीचं भांडण गिळून एका दसऱ्याला सोनं द्यायला आला. त्यानं आपट्याची पानं पुढे केली आणि मारोतभाऊंचा उजवा हात अर्ध्यावरच अडकला. डावा पुढे करणं म्हणजे आणखी अपमान. "अडकला रे," म्हणाले, तर सारे हसले.

"सोनं घ्याची लाज वाटून राह्यली काय तुले?" म्हणत शामरावनं पानं उंबऱ्यावर टाकली. गेला तो गेलाच.

मी यायच्या आधीच, उन्हाळ्यात, वर्ध्याला ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी कोपर उघडून दाणे काढले, अस्तरही काढलं. हात सरळ झाला.

पुढच्या दसऱ्याला शामराव आमच्या गल्लीत आला. मला सोनं दिलं. शेजारच्या ओट्यावर मारोतभाऊ उभे. डाव्या हातात बाटली, उजवा सरळ पुढे.

"शाम्या, पाह्य ना! मुद्दाम नाई रे बाप्पा!"

शामरावनं तिकडे मानही वळवली नाही. "मास्तर, तुमच्या शेजारी भल्ली खुळखुळ असते," म्हणाला आणि निघून गेला.

मी शहाणपणा करायला गेलो. माझंच सोनं त्या हातावर ठेवलं.

"तुमचं नोको, मास्तर."

पानं खाली पडली. हात तसाच पुढे राहिला, गल्ली रिकामी झाली तरी. आता त्यात काहीच अडकलेलं नव्हतं.