प्लॅटिनमचं धृपद

"फक्त ऐकायचं. सही करायची नाही," चांगुणाबाईंनी रिक्षातच बजावलं.

शेजारच्या झुंबररावांचे गुडघे गेले होते. इगतपुरीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी राहायचा, कंपनीकडून विकत घेतलेला आपला आठवडा ते निम्म्या किमतीत द्यायला निघाले होते. चांगुणाबाईंना तो हवाच होता. लेक हर्षाली दिवाळीत माहेरी यायची आणि आई सगळे दिवस ओट्यापाशी असायची. एकदा तरी लेकीसमोर निवांत बसून बोलायचं होतं. पण झुंबररावांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, "वहिनी, माझ्याकडून घेतलं तर प्लॅटिनम सभासदाच्या सवलती नाहीत. त्या थेट कंपनीकडून घेणाऱ्यालाच." त्या सवलतींसाठी दुप्पट मोजावेत का, एवढंच पाहायला नवराबायको कॉलेज रोडच्या हॉटेलात कंपनीच्या कार्यक्रमाला आली होती.

अडचण एकच होती. त्यांचे यजमान भिमाजीराव टाळकरी होते. हरसूलच्या सप्ताहात बुवांनी अभंगाचा चरण अर्ध्यावर सोडला, की उरलेलं मागून उचलायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं. बँकेत मॅनेजर बोलता बोलता थांबला, तरी ते त्याचं वाक्य पुरं करत.

कंपनीचा अश्विन बोलायला उठला. आवाज गोड, अंगावर जाकीट, आणि थांबायचं कुठे हे पक्कं ठाऊक.

"गर्दीच्या दिवशी सगळे थांबणार. पण पहिली चावी कुणाला?"

तो थांबला.

"प्लॅटिनमला!" भिमाजीरावांनी उचललं.

हॉल दचकला. चांगुणाबाईंनी चिमटा काढला. तो पोचला नाही.

"तलावाकडची खोली कुणाला?"

"प्लॅटिनमला!" आता मागच्या दोन रांगाही होत्या.

"आल्या आल्या गार सरबत कुणाला?"

यावेळी सगळा हॉल म्हणाला, टाळ्यांच्या ठेक्यावर. अश्विनने इतकी वर्षं ही नोकरी केली होती, पण अशी साथ त्याला कधी मिळाली नव्हती. त्याचे डोळे पाणावले.

चांगुणाबाई उठल्या. "दादा, तलावाकडची खोली नक्की मिळते?"

"रिकामी असेल तर, काकू."

"सवलती कायम राहतील?"

"कंपनी बदलू शकते. पण शक्यतो..."

"आणि गादी, जेवण?"

"ते सगळ्यांना सेमच."

"म्हणजे दुप्पट पैसे सरबताचे," चांगुणाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. हे कुणी ऐकलं नाही. कारण निरूपण संपलं असं समजून भिमाजीराव पुढे गेले होते आणि रिवाजाप्रमाणे अश्विनच्या पाया पडत होते.

नांदगावच्या तानुबाईंनी आपल्या मालकांना कोपर मारलं. "एवढा वयस्कर माणूस पाया पडतोय. खोटं कसं असंल? करा सही."

तानुबाईंच्या मालकांनी केली. मग शेजारच्यांनी केली. मग सगळ्यांनीच केली.

"काय केलंत हो हे?" बाहेर आल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या.

"मी कुठं काय घेतलं? मी नुसती साथ केली."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी झुंबररावांचा आठवडा घेतला.

दिवाळीत लेकीसह तिघं इगतपुरीला पोचली. रिसेप्शनला दोन खिडक्या होत्या. प्लॅटिनमची रांग पार्किंगपर्यंत गेली होती, आणि तीत सगळे ओळखीचे चेहरे. साध्या खिडकीवरची स्नेहा मोकळी बसली होती. तिने भिमाजीरावांना लगेच चावी दिली.

"आजोबा, तलावाकडच्या खोल्या प्लॅटिनमसाठी राखून ठेवल्यात. पण कुणाला द्यायच्या यावरून त्यांचं अजून मिटलं नाही."

तेवढ्यात तानुबाईंनी पाहिलं. "हे बघा, तेच! ओ दादा, आमचं सरबत संपलं म्हणत्यात! तुमच्या भरवशावर घेतलं ना आम्ही!"

सगळी रांग वळली. भिमाजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मागे कुणी साथीला आहे का, ते वळून पाहिलं.

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, उन्हातल्या रांगेकडे पाहिलं, आणि घरून आणलेली पिशवीतली लिंबं चाचपली. "चल गं हर्षाली. खोलीत ओटा आहे म्हणतात."

भिमाजीराव ट्रे घेऊन वरखाली करू लागले. वर चांगुणाबाई लिंबं पिळत होत्या, हर्षाली साखर विरघळवत होती. दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या.

"आई," हर्षाली हळूच म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं. कधीचं राहिलंय."

"थांब," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी दाराबाहेर डोकावून नवऱ्याला हाक मारली, "अहो, खाली अजून किती जण आहेत?"

"बरेच आहेत गं!"

"असू देत," असं म्हणून त्यांनी आणखी लिंबं कापायला घेतली, या वेळी लेकीकडे तोंड करून. "हं, बोल."